काखेतला देव

आमच्या खालच्या मजल्यावरचा अमेरिकन पूर्वी अमेरिकन फुटबॉल खेळायचा. चेंडू काखेत घट्ट दाबून समोरच्या धिप्पाड गड्यांत मुसंडी मारायची, हे त्याचं काम. गुडघे त्यातच गेले, म्हणून इथल्या, जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या टेकडीवरच्या पायऱ्या तो उलटा उतरतो आणि खालून येणाऱ्यांना पाठीनेच 'मोर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणतो. पिशवी मात्र कधी वापरत नाही. पाव, कलिंगड, पार्सल, सगळं काखेत.

यंदा गणपती आणताना त्याने मूर्तीही आपणहून उचलली आणि काखेत मारली. पुण्याहून आलेली आई किंचाळली, "अरे बाबा, देव आहे तो!"

मी भाषांतर केलं. "म्हणूनच इथे धरलाय," तो म्हणाला.

पावसाने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. मधेच त्याचा पाय सटकला. पडता पडता त्याने अंग वळवलं आणि खांद्यावर आपटत खाली गेला. आम्ही धावत पोचलो तर गुडघा रक्ताने माखलेला, आणि हा मूर्तीच्या सोंडेवरून बोट फिरवून बघतोय. टवकासुद्धा उडाला नव्हता.

नैवेद्याआधी मोदकाला कुणी हात लावलेला आईला खपत नाही. त्या दिवशी पहिला मोदक तिने त्याच्या हातावर ठेवला. देवाला दुसरा.