त्रिकोणाची खोळ

मास्तर गाडीत बसले की आधी बूट काढायचे. बाहेर बर्फ भुरभुरत असो की पार्किंगमध्ये चिखल झालेला असो, शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, बूट मागे टाकायचे आणि लोकरी मोज्यातला पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर अलगद टेकवून ठेवायचा. पहिल्याच दिवशी मी कारण विचारलं तर म्हणाले, "ताई, गाडी काय करणार हे डोळ्यांआधी तळव्याला कळतं. मध्ये बूट आला की बातमी उशिरा पोचते." हा माणूस थट्टा करतोय की खरंच सांगतोय, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढेही अनेकदा कळलं नाही.

ब्रॅम्पटनमधल्या आम्हा मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना गाडी मास्तरांनीच शिकवली. मूळचे बार्शीचे. तिथेही त्यांचं छोटंसं ड्रायव्हिंग स्कूल होतं. इथे आल्यावर काही वर्षं वेअरहाउसमध्ये खोकी उचलली, मग इन्स्ट्रक्टरचं लायसन्स काढलं. त्यांचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे. पंजाबी मुलंसुद्धा त्यांना 'मास्टरजी' म्हणायची.

मी नागपूरला स्कूटीपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे मोठ्या चौकात समोरची रांग ओलांडून डावीकडे वळायची वेळ आली की मी गोठायचे. सिग्नल हिरवा, समोरून गाड्यांची रांग, मागे हॉर्न. मास्तर मात्र शांत. "वाजवू द्या त्यांना. ते बोलतायत, आपण ऐकतोय. रस्ता म्हणजे बोलणंच असतं, ताई. इंडिकेटर म्हणजे बोलणं, ब्रेकलाइट म्हणजे बोलणं. फक्त खोटं बोलायचं नाही. उजवा इंडिकेटर देऊन सरळ गेलात की झालात खोटारड्या."

रोड टेस्टमध्ये नापास होणाऱ्याला ते कॉफी आणि डोनट खिलवायचे. पास होणाऱ्याला काही नाही. "पास झालेल्याला लायसन्स मिळालं की," असं त्यांचं म्हणणं. मी ती कॉफी एकाहून अधिक वेळा प्यायले आहे. नियमांच्या बाबतीत तर त्यांना कधी अडखळताना पाहिलं नाही. स्कूल बस थांबली तर पलीकडून येणाऱ्या गाड्यांनी काय करायचं, अँब्युलन्स मागून आली तर कुठे सरकायचं, काहीही विचारा, उत्तर तयार असे. गणपतीच्या कार्यक्रमात लोक प्रसाद घेता घेता त्यांना नियम विचारत.

अशा माणसाला मी एकदाच पुरता गोंधळलेला पाहिला, आणि तो एका ट्रॅक्टरपायी.

ब्रॅम्पटनच्या उत्तरेला, शहर संपून मक्याची शेतं सुरू होतात तिकडे, पीटर नावाच्या एका माणसाची डेअरी होती. त्याच्याकडच्या कामगारांना मास्तरांनी गाडी शिकवली होती. त्या ओळखीतून त्याने मास्तरांना विचारलं, मक्याच्या हंगामात माझा ट्रॅक्टर चालवाल का? मास्तर तयार झाले. शहरातल्या ट्रॅफिकला ते कंटाळले होते. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, कपाळावर हात मारला. "साठी उलटल्यावर माणसं ट्रॅक्टर सोडतात. तुम्ही धरताय?"

पहिल्याच आठवड्यात मास्तरांचा फोन आला. "ताई, हा ट्रॅक्टर आहे की काय आहे? एसी आहे, सीट झोपाळ्यासारखी झुलते आणि रस्त्यावर साठच्या वर पळतो! बार्शीत आमचा ट्रॅक्टर उतारावरसुद्धा एवढा पळाला नसता." आवाजात लहान मुलाचा आनंद होता. मग एकदम गंभीर झाले. "पण एक कळत नाही. मागे त्रिकोण आहे."

तो त्रिकोण इथल्या खेडेगावातून गेलेल्या कुणीही पाहिलेला असतो. केशरी रंगाचा, लाल काठाचा, ट्रॅक्टरच्या पाठीवर लावलेला. त्याचा अर्थ, हे वाहन हळू चालणारं आहे, ताशी चाळीसच्या आत, जपून या. मास्तरांचा प्रश्न साधा होता. जो ट्रॅक्टर साठने पळतो, त्याच्या पाठीवर 'मी हळू आहे' असं लिहिलेलं चालतं का? आणि ट्रॅक्टर आहे म्हणून ते लिहिणं सक्तीचं असेल, तर मग साठने पळवायचा कसा?

त्यांनी सरकारी फोनवर विचारलं. एकाने सांगितलं, ट्रॅक्टर आहे ना, मग त्रिकोण हवाच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने सांगितलं, चाळीसच्या वर जाणार असाल तर त्रिकोण असता कामा नये. तिसऱ्या बाईंनी उलट विचारलं, मागे काय जोडणार आहात? ट्रॅक्टर विकणारा म्हणाला, राहू द्या, असलेला बरा. शेवटी मास्तर आमच्या घरी आले आणि मी लॅपटॉप उघडला. वाचत गेलो तसे जास्तच गुंतत गेलो. एका परिच्छेदात ट्रॅक्टर म्हणजे हळू वाहन असं धरलेलं वाटे, दुसऱ्यात हळू म्हणजे काय ते वेगाने ठरवलेलं वाटे. चहा दोनदा झाला. मास्तर चष्मा पुसून पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचत राहिले.

"मास्तर, सोपं आहे," माझा नवरा मंदार हसत म्हणाला. "पळवायचा तेव्हा त्रिकोणावर कापड टाका. हळू चालवायचा तेव्हा काढा."

तो गमतीत बोलला होता. मास्तर गमतीत ऐकत नसत. त्याच आठवड्यात काकूंनी जुन्या काळ्या पडद्याची, इलॅस्टिक लावलेली त्रिकोणी खोळ शिवून दिली. रिकामा ट्रॅक्टर पळवायचा तेव्हा मास्तर खाली उतरून खोळ चढवत. मुरघासाची, म्हणजे मुरवायच्या मक्याच्या चाऱ्याची, भरलेली ट्रॉली जोडली की ट्रॉलीमागचा त्रिकोण उघडा ठेवून गोगलगायीसारखे जात. मला त्यांनी फोटो पाठवला होता. एवढ्या मोठ्या हिरव्या यंत्राला मागून ते टोपडं घातलेलं पाहून आम्ही खूप हसलो.

पीटरला मात्र हसू आलं नाही. "पोलिसाने झाकलेला त्रिकोण पाहिला तर दंड मला होईल," म्हणाला. मास्तरांनी खोळ काढली. मग नियम मोडायला नको म्हणून सगळीकडे चाळीसच्या आत चालवू लागले. मागे गाड्यांची रांग लागायची. पीटर त्यावरही वैतागला. मका कापून पडलाय, आभाळ भरून आलंय, आणि हा माणूस एवढ्या महागाचा वेगवान ट्रॅक्टर बैलगाडीसारखा हाकतोय! "प्लीज, मास्टर," तो म्हणाला, "आजच्या दिवस जरा ॲक्सिलरेटर दाबा."

त्या दिवशी दुपारी, ट्रॉली शेतात सोडून रिकामा ट्रॅक्टर घेऊन परतताना, मास्तरांनी ॲक्सिलरेटर दाबला. त्रिकोण उघडा होता.

मागून जोॲन नावाच्या बाई येत होत्या. जवळच्या गावातल्या लायब्ररीत काम करणाऱ्या. त्यांनी त्रिकोण पाहिला, ट्रॅक्टर हळूच असणार असं धरलं आणि ओव्हरटेक करायला बाहेर पडल्या. पण ट्रॅक्टर मागे पडेचना. समोरून दुधाचा टँकर आला. जोॲन घाबरल्या, आणि ब्रेक दाबून पुन्हा मागे येण्याऐवजी त्यांनी गाडी डावीकडे पार रस्त्याबाहेर घातली. गाडी चरात आडवी झाली. मास्तर धावत गेले, दार उघडेना म्हणून खिडकीशी बसून राहिले आणि मदत येईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिले. बाईंचं गळ्याखालचं, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. जीव वाचला.

मास्तरांवर आरोप ठेवला गेला, त्रिकोण लावून चाळीसच्या वर चालवल्याचा. इतक्या वर्षांत त्यांना साधं पार्किंगचं तिकीट मिळालेलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून एक वकीलबाई शोधल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. "नियमातच गोंधळ आहे. यांनी तीन वेळा फोन करून विचारलंय. ही केस आपण जिंकू शकतो. आणि जिंकायलाच हवी, कारण अपघाताशी जोडलेला गुन्हा रेकॉर्डवर आला तर इन्स्ट्रक्टरचं काम टिकणं कठीण होईल."

मास्तर मान हलवत होते. आम्हाला वाटलं, ते हो म्हणतायत.

सुनावणी लॅपटॉपवर होती, आमच्या बेसमेंटमध्ये. मास्तर कोट घालून आले. न्यायाधीशांचा चेहरा दिसताच ते ताडकन उभे राहिले, त्यामुळे पडद्यावर फक्त त्यांचं पोट दिसू लागलं. "सर, प्लीज सिट," न्यायाधीश म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यावरचा आरोप तुम्हाला समजला आहे का?"

"चार्ज समजला, सर. नियम नाही समजला."

"मग तुम्हाला गुन्हा नाकबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नो सर. गिल्टी."

वकीलबाईंनी त्यांच्या चौकटीत डोळे मिटून घेतले. न्यायाधीश पुढे झुकले. "नियम समजला नसेल तर मी तुमची कबुली कशी घेऊ?"

मास्तर त्यांच्या त्या तुटक, पण स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "सर, त्रिकोण लावायचा की नाही, हे मला आजही माहीत नाही. पण तो लागलेला होता, हे माहीत होतं. त्याचा अर्थ फॉर्टी, हेही माहीत होतं. मागच्या लेडीला तेवढंच दिसत होतं. मी सिक्स्टीने जात होतो. फॉर्टीने जायला मला कुणी अडवलं नव्हतं."

न्यायाधीशांनी त्यांना सगळे परिणाम पुन्हा समजावून सांगितले, वकीलबाईंशी बोलायला वेळ दिला. मास्तरांचं उत्तर बदललं नाही. शेवटी कबुली नोंदली गेली. न्यायाधीश कागद बाजूला ठेवता ठेवता पुटपुटले की हा नियम मलाही पुन्हा वाचावा लागणार.

लॅपटॉप बंद झाल्यावर मंदार जवळजवळ ओरडलाच. "मास्तर, आपण जिंकत होतो!"

"कुणाविरुद्ध?" मास्तरांनी विचारलं. खरंच विचारत होते. मला तर राग आला होता. इतकं शिकवायचं अंगात असताना एका त्रिकोणापायी ते सोडून देणारा माणूस शहाणा की हटवादी, मला ठरवता येईना. काकूंनी मास्तरांचा कोट घडी करून मांडीवर घेतला.

वकीलबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. शिकवणं बंद पडलं. पीटरने पुढच्या हंगामाला बोलावलं नाही. मास्तर घरात बसून राहतील अशी आम्हाला काळजी होती. तर एका रविवारी काकू सांगतात, हे सकाळीच गेलेत, जोॲनबाईंकडे.

आधी ते शेंगदाण्याचे लाडू घेऊन गेले होते. शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे फोनवर विचारून. तिथे त्यांना कळलं की हाड जुळलं तरी बाई स्टेअरिंगला हात लावत नाहीत. नवरा लायब्ररीत सोडतो, नवराच आणतो. मास्तर म्हणाले, "मी नुसता शेजारी बसतो. कुठे जायचं नाही." पहिले काही रविवार ते दोघं घरासमोरच्या उभ्या गाडीत बसून गप्पा मारून परत आत गेले. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग गावातल्या दुकानापर्यंत. मी विचारलं की जोॲन तुमच्यावर रागावल्या नाहीत का? तर म्हणाले, "नाही ना! तेच तर कळत नाही. त्या म्हणतात चूक त्यांची. मी म्हणतो माझी. आमचं यावरून दर वेळी भांडण होतं."

थंडी काकूंच्या गुडघ्यांना सोसवेनाशी झाली तेव्हा त्या दोघांनी बार्शीला परतायचं ठरवलं. मुलबाळ नव्हतं, त्यामुळे थांबवणारंही कुणी नव्हतं. विमानतळावर आम्ही सोडतो म्हटलं तर मास्तर म्हणाले, "बॅगा तुमच्या गाडीत टाका. आम्हाला जोॲन सोडणार आहेत." त्या इतक्या लांब, हायवेवरून येणार? मास्तरांनी खांदे उडवले. "म्हणतायत तशा."

जोॲन आल्या. चेहरा पांढराफटक, पण वेळेवर आल्या. विमानतळावर काकू मला घट्ट धरून रडल्या. मास्तर रडले नाहीत. त्यांनी माझ्या हातात हात दिला, रोड टेस्ट पास झाले होते तेव्हा दिला होता तसा, आणि म्हणाले, "मिरर बघत जा ताई. तुम्ही अजून कमी बघता." मग ट्रॉली ढकलत गर्दीत शिरले. ट्रॉलीचं एक चाक वाकडं चालत होतं, ती सारखी डावीकडे ओढत होती आणि ते सारखे तिला सरळ करत होते. दिसेनासे होईपर्यंत आम्ही पाहत राहिलो.

मंदार तिथूनच टॅक्सीने ऑफिसला गेला. पार्किंगमध्ये जोॲन आणि मी उरलो. मी न राहवून विचारलं, खरं सांगा, चूक कुणाची होती?

"मला खरंच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनाही नव्हतं. पण ते दर रविवारी यायचे." त्यांनी किल्ली हातात घट्ट धरली होती. आता परतीचा सगळा रस्ता त्यांना एकटीने कापायचा होता.

"मी पुढे राहू का? माझ्या मागे मागे या," मी म्हटलं.

त्यांनी विचार केला. "नको. तू माझ्या मागे राहा."

तशा आम्ही निघालो. त्या उजव्या लेनमध्ये, बेताच्या वेगाने. बाजूने ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्याने त्यांची छोटी गाडी किंचित हलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. हायवे सोडून घराकडे वळायची ब्रॅम्पटनची आमची एक्झिट आली. संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता, मुलीला क्लासहून आणायचं होतं. मी इंडिकेटर दिला नाही. एक्झिट मागे गेली, घरं विरळ झाली, शेतं लागली, आणि मी त्यांच्या मागे, पुरेसं अंतर ठेवून, उत्तरेकडे जात राहिले.