नऊ सेकंदांचा बाप

झ्लात्काने पेन्को रादुलोव्हला दुसराच बाप देऊन टाकला, तोही सरकारी दाखल्यावर, शिक्क्यासकट.

बल्गेरियातल्या त्या गावात, नोंदणी कचेरीत तिची तीस वर्षं गेली होती. पूर्वी अख्खी जन्मवही तिच्या डोक्यात असायची. मग वह्या कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम आलं. प्रत्येक नोंदीनंतर स्क्रीनवर एक निळं चक्र नऊ सेकंद गरगरत राही. नऊ सेकंद म्हणजे काहीच नाही, असं ते बसवणारा इंजिनियर म्हणाला होता. त्याला काय कळणार! खिडकीबाहेर लिंडनचं झाड फुललेलं असे. तेवढ्यात झ्लात्का नदीपलीकडच्या जत्रेत जाऊन, एका ठरावीक हाताला धरून एक फेर नाचून परत येई. चक्र थांबे, तेव्हा बोटं जागेवरच असत. वहीत वाचलेलं मात्र जत्रेत राहून गेलेलं असे.

"पोरी, माझा बाप गान्यो," खिडकीशी उभा पेन्को सकाळीच नेलेला दाखला फडफडवत म्हणाला. "हा क्रस्त्यो कुठनं आला? आई असती तर तिलाच विचारलं असतं!"

झ्लात्काचे कान तापले. जत्रेतल्या त्या हाताचं नाव दाखल्यावर उतरलं होतं. "चुकलं, काका. उद्या या, करून देते."

"उद्या कसलं? पासपोर्टवाले चारला खिडकी बंद करतात. आज अर्ज गेला नाही, तर नातीचं लग्न स्पेनमध्ये, आणि मी इथे कोंबड्यांच्या पंगतीला!"

साडेतीन झाले होते. स्क्रीनवर दुरुस्तीची सात पानं भरायची होती. तिसऱ्या पानावर चक्र फिरू लागलं, लिंडनचा वास आत आला, आणि नोंदीचा नंबर निसटला. पुन्हा पहिल्यापासून.

"काका, हे फिरत असताना मला एकटीला सोडू नका," ती हळूच म्हणाली. "नंबर आणि बापाचं नाव बोलत राहा."

"चारशे बारा, गान्यो," म्हाताऱ्याने जप सुरू केला. "मधमाश्यांशी गप्पा मारायचा. चारशे बारा, गान्यो. आईशी नाही मारायचा. चारशे बारा..."

झ्लात्का या वेळीही गेली, पण गान्योच्या मधमाश्यांच्या पोळ्यांपर्यंतच. पेन्कोचा आवाज तिला दर वेळी बोट धरून परत आणत होता.

चारला दहा कमी असताना दाखला निघाला.

"पण क्रस्त्यो कोण, ते सांग की. सकाळपासून बाप होता माझा, ओळख तरी करून दे!"

"ते नऊ सेकंदांत सांगून होण्यातलं नाही, काका. पळा आधी!"

"देणं राहिलं हं तुझ्याकडे!" चौकातून पळता पळता तो ओरडला.

नातीच्या लग्नानंतर लेकीने त्याला स्पेनमध्येच ठेवून घेतलं. झ्लात्का आता चक्र थांबेपर्यंत नंबर मोठ्याने म्हणत बसते. क्रस्त्योची गोष्ट तेवढी अजून तिच्याकडेच आहे.