पर्सिदाच्या घरचा गहू

आमची शेजारीण पर्सिदा तोंडाने फटकळ. पण घराण्याच्या ख्रिस्ती संताच्या सणाला तिच्या दारातून कोणी चमचाभर उकडलेला गोड गहू खाल्ल्याशिवाय आत गेलेलं मी पाहिलं नाही. गहू घरचाच हवा, हा तिचा हट्ट. तांब्याच्या खाणीचं पाणी नदीत यायला लागलं, तरी ती शेत त्याच नदीवर भिजवायची. दुसरं पाणी आणणार कुठून?

उन्हाळ्यात प्रयोगशाळेतला रास्त्को तिच्या शेतातली माती, नदीचं पाणी आणि ओंजळभर गहू तपासायला घेऊन गेला होता. निकाल सांगायला आला तो नेमका सणाच्या दिवशी. या लोकांना कॅलेंडर बघायचं सुचत नाही. पर्सिदा गव्हाचं ताट घेऊन दारात आली, तसा तो पांढराफटक पडला.

"मावशी, या गव्हात लोह आहे, जस्त आहे, सगळं चांगलं आहे. पण शिसं आणि कॅडमियमही आहे. हा खाऊ नका."

आत घरभर पाहुणे तोच गहू खाऊन बसले होते.

"नदी खाणीची झाली, पाणी खाणीचं झालं," पर्सिदा म्हणाली. "माझा म्हणायला हा गहू तेवढा उरलाय. तोही खाऊ नको म्हणतोस, तर मग पेरू काय ते सांग."

ताट काही ती खाली घेईना. शेवटी रास्त्कोने छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिला.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

"गोड आहे, मावशी," तो खाली बघत म्हणाला.