लेन्सखालचा हात

कॅमेरा स्टँडवर कितीही घट्ट बसवलेला असो, ते डावा तळहात लेन्सखाली धरूनच उभे राहायचे. कुणी हसलं, की उत्तर ठरलेलं. "हात काढायचा नाय."

महाप्याच्या आमच्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते, माझं टेबल शेजारी. गाव वाशीच्या खाडीकाठचं, घरची मासेमारी. फोटोचं वेड कुठून लागलं, हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

वडिलांचा एकही फोटो नाही, ही त्यांची बोच होती. कॅमेरा दिसला की म्हातारा पाठ फिरवायचा. मग यांनी लांबूनच काढायचं ठरवलं आणि कुठूनशी जुनी टेलिलेन्स पैदा केली. हातभर लांब, वजनाला भरल्या कळशीसारखी. अशी लेन्स नुसती कॅमेऱ्याला लटकवून चालत नाही. तिला स्वतःचं कडं लागतं आणि ते कडं स्टँडवर बसवायचं असतं. लेन्सबरोबर कडं आलं नव्हतं. पण कारखान्यातला माणूस कडं विकत घेईल तर शपथ! पाण्याच्या पाइपाचा क्लॅम्प घेतला, आत सायकलची ट्यूब चिकटवली आणि हलक्याशा स्टँडवर आवळला. आम्ही सगळ्यांनी एकेकदा हलवून पाहिलं. "एकदम फिट," आम्ही म्हणालो.

रविवारी मीही खाडीवर गेलो. म्हातारा होडीत उभा राहून जाळं ओढत होता. एवढ्या लांबून हाताची थरथरसुद्धा फोटोत उतरते, म्हणून यांनी लेन्सवरचा हात काढला आणि वायरचं बटण दाबत राहिले. उन्हाने ट्यूब मऊ पडली होती. लेन्स हळूहळू नाक खाली घालत होती आणि आम्ही दोघंही बघत होतो होडीकडे. शेवटी क्लॅम्प सुटला, स्टँड कलंडला आणि लेन्स चिखलात गेली.

आवाजाने म्हाताऱ्याचं लक्ष गेलं. गुडघाभर चिखल तुडवत तो आला, लेन्स उपसून लेकाच्या हातात दिली. "येवढी जड हाय, तं हात कशाला काढलास?" कशासाठी चाललं होतं, हे त्याने विचारलंही नाही.

रोल धुतला. पहिल्या फोटोंत म्हाताऱ्याची पाठ. तो वळला, तोवर चौकट घसरलेली. चेहरा नाहीच, फक्त जाळं ओढणारे दोन हात. शिरा न् शिरा दिसणारे.

त्याच वर्षी म्हातारा गेला. घरात त्या हातांच्या फोटोला हार असायचा. नवा पाहुणा गोंधळून बघायचा. "आमचा बापूस," असं म्हणून ते चहा पुढे करायचे. मला त्या भिंतीसमोर बसवत नसे, इतकं वाईट वाटायचं.

ती लेन्स पुन्हा चालली नाही. मग ते साध्या लेन्सने कारखान्यातली सत्यनारायणाची पूजा, सहली, निरोपसमारंभ टिपू लागले. "टायमर लावा आणि या ना आमच्यात!" आम्ही ओरडायचो.

"हात काढायचा नाय."

काही वर्षांनी छातीचं दुखणं होऊन तेही गेले. वहिनींनी गेटपासावरचा फोटो मोठा करून आणला आणि तसाच पाकिटात घातला. "यात ते कुनी दुसरेच वाटतान. तुमच्याकडं येखादा हाय का?"

मी घरातले सगळे ग्रुप फोटो काढून बसलो. प्रत्येकात आम्ही झाडून सगळे आहोत, दात काढून हसतोय, आणि बघतोय त्यांच्याकडे.