पेटी मावलीच पाहिजे

फ्रान्समधल्या ल मां गावात आन्सेल्म बुलेला सुतार म्हणून ओळखणारे थोडे, पेटीवाला म्हणून ओळखणारे फार. जूनमधली चोवीस तासांची मोटारशर्यत जवळ आली की तो रंधा खाली ठेवायचा, दंडाला शर्यत भरवणाऱ्या क्लबची पट्टी बांधायचा आणि स्वतः ठोकलेली लाकडी पेटी घेऊन तपासणीला उभा राहायचा. नियम असा, की गाडी माणसांनी रस्त्यावर वापरावी तशी पाहिजे. प्रवाशाच्या सामानाला जागा हवी, म्हणजे ही पेटी आत मावून झाकण लागलं पाहिजे. दुकानातनं विकत घेतलेल्या गाड्या पेटी सहज गिळायच्या. पण निव्वळ शर्यतीसाठी घडवलेल्या, भुईला पोट टेकलेल्या गाड्यांना नावापुरता एक कोनाडा काढावा लागायचा. त्यात कुणी कधी चड्डीसुद्धा नेली नसेल.

त्या साली जावई गास्पारनं तसली गाडी बांधली. दोन हिवाळे त्यातच गेले. पेटीचं माप त्यानं नीट घेतलं होतं; पण कोनाडा केला तेव्हा जादा चाक गाडीत नव्हतं. तपासणीला चाक आत गेलं आणि पेटी त्याला अडून दोन बोटं वर राहिली. झाकण लागेना. म्हणजे शर्यत बंद.

"मामा, जरा तिकडं बगा की," गास्पार पुटपुटला. "गुडघ्यानं दाबतो."

"मोडलीस तर पुढच्या गाडीत काय तुझं डोस्कं ठिवू?"

"ही गाडी घिऊन कोण सासुरवाडीला निघालंय?"

"कुणी न्हाई. तरी पेटी मावलीच पाहिजे. सांजच्याला फाटक बंद व्हतंय."

आन्सेल्मची लेक ओदिल पाव आणि सफरचंदाची सायडर घेऊन आली होती. तिनं ऐकलं. "आबा, घरच्याच माणसाला अडवताय?"

"सकाळी एका इटालियनालाबी परत धाडलं. त्यानं माझ्या आईचा उद्धार केला. तू जेवाण तरी आणलंस."

शेवटी गास्पारनं चालकामागचा पत्रा कापला आणि दोन बोटं पुढं सरकवला. चाकाला अडलेली पेटी खाली बसली, पण पत्र्याबरोबर चालकाची खुर्चीही पुढं सरकली. फाटक लागायच्या आत झाकण बसलं. आन्सेल्मनं खडूची खूण केली, पुढच्या गाडीकडं वळला.

चालक तिबो ताडमाड. पहाटे त्याच्या पायांत असे गोळे आले, की दोघांनी उचलून बाहेर काढला. त्याच्या जोडीदार चालकानं गाडी शेवटापर्यंत पोचवली, पण कितवी ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ओदिलनं बापाला जेवायला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बोलावलं. गास्पारनं कोंबडीची तंगडी त्याच्या ताटात टाकली.

"मामा, पुढल्या साली आधी चाक अन् पेटी ठिवतो, मग भवतीनं गाडी बांधतो."

"आणि तिबो?" ओदिलनं विचारलं.

"बुटका बगतोय," गास्पार म्हणाला.