धार लावायची तीन साधनं आणि एक मिशी

माझ्या वडिलांचा पहिला मृत्यू आमच्या घरातली सुरी बोथट असल्यामुळं झाला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वालचंदनगरला कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं घडवायच्या आणि त्यांना धार लावायच्या खात्यात, नोकरीला होतो. धाकट्या मेव्हणीची सुपारी, म्हणजे लग्न पक्कं करायचा कार्यक्रम, सासुरवाडीला, निमगाव केतकीला ठरलेली. मुलगा पिंपळीचा. मध्यस्थ गावाकडं राहणारे माझे वडील तात्या, तेच पाहुण्यांना जीपमधून घेऊन येणार होते. बायको आधीच माहेरी गेली. जाताना म्हणाली, "येताना सुरी आणा, पण धार लावून! आपली सुरी काकडी कापत न्हाय, चेंगरती."

दारावर येणाऱ्या धारवाल्याला सुरी दिली की काम झालं असतं. पण टूलरूमचा माणूस धारवाल्यापुढं उभा राहणार? छे! मी बारामतीच्या दुकानातून तीन साधनं पसंतीवर आणली: एक खरखरीत दगड, एक तेल लावून घासायचा दुहेरी दगड आणि चाकांच्या खाचेतून सुरी ओढायचं यंत्र. तिन्ही वापरून बघायची, उत्तम असेल ते ठेवायचं, बाकीची परत करायची. (दुकानदार ओळखीचा होता. नंतर ओळख दाखवेनासा झाला.)

धार तपासायची आमची पद्धत सोपी. हातावरचे केस निघाले पाहिजेत. पहिल्या दगडाला डावा हात साफ झाला, दुसऱ्याला उजवा. यंत्राची पाळी आली तेव्हा हातांवर केसच उरले नव्हते! परीक्षा अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. आरशासमोर उभा राहिलो आणि मिशीचं डावं टोक अलगद उडवलं. झकास! मग उजवं. ते जरा जास्त गेलं. म्हणून डावं थोडं कमी केलं. मग पुन्हा उजवं... शेवटी दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या, म्हणजे उरल्याच नाहीत. यंत्र मात्र पसंत केलं.

सुपारीच्या दिवशी डोक्यावर टोपी चढवली आणि एसटीनं निमगाव गाठलं. आमच्याकडं मिशी एकाच कारणानं उतरते: बाप गेल्यावर, डोक्याच्या केसांबरोबर. माझे केस टोपीखाली होते. सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांच्या हातातलं ताटच खाली पडलं.

"अगं बया बया! काय झालं वो हे!"

मागून सगळ्या बायकांनी सूर धरला. मी ओळखलं. या घरात कुणीतरी गेलं! मी धावत जाऊन सासऱ्यांच्या, आबांच्या गळ्यात पडलो आणि रडायला लागलो.

आबा पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गप ऱ्हावा, जावयबापू. आता आमीच तुमचं वडील."

तेवढ्यात बायको बाहेर आली. "मामंजी वो! असं कसं गेला! मला कळवलं सुदिक न्हाय!"

मामंजी म्हणजे आमचे तात्या! तात्या गेले? आणि मला पत्ता नाही? पण एवढी माणसं रडतायत म्हणजे खरंच असणार, मलाच उशिरा कळलं. मी असा टाहो फोडला की ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली.

आबांनी डोळे पुसले. "मध्यस्थच गेला. सुपारी म्होरं ढकला."

मेव्हणी नव्या साडीनिशी भिंतीला टेकून हमसाहमशी रडू लागली. "आता कसलं हुतंय! मोडलंच समजा!" मेव्हणा पाहुण्यांना वाटेतूनच परत फिरवायला मोटारसायकलवर निघाला.

थोड्या वेळानं मोटारसायकल परत आली. मागोमाग जीप. पुढच्या सीटवरून कैलासवासी उतरले.

"मिशी कुठं गेली रं?" तात्यांनी विचारलं.

"सुरीची धार बघत होतो."

"मिशीवर?"

"हातावरचे केस संपले होते, तात्या."

नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं घसा खाकरला. "पावणं, ह्ये असलं डोस्क्याचं घराण्यातच हाय का? आदी इचारल्यालं बरं."

दारामागं मेव्हणीनं पुन्हा रडायला तोंड उघडलं. आबा घाईघाईनं म्हणाले, "छ्या छ्या! आमच्या रक्ताचं न्हाईत त्ये. जावई हायत!"

सगळ्यांच्या नजरा तात्यांकडं वळल्या. तात्यांनी टोपी नीट केली. "माझ्याकडं काय बगताय? मी तर वारलोय!"

चुलता इतका हसला की त्यानं हसतहसतच सुपारी फोडली. मला सासऱ्यांनी नाकारलं, जन्मदात्यानं नाकारलं, आणि एवढ्या एकाच गोष्टीवर दोन्ही घराण्यांचं तिथल्या तिथं एकमत झालं.