बत्तीस वेळा कॉपी-पेस्ट

"बाय, तुमचा प्रोग्राम नवीन काट्याला घाबरतो काय?"

फोनवर डिमेलो होते. वसई पूर्वेला त्यांचा पॅकिंगचा कारखाना. नवा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा जोडला की आमचा प्रोग्राम धाडकन बंद. "सोमवारपर्यंत बघा, नायतर मी दुसऱ्या कंपनीला बोलावतो." आमच्या पाच माणसांच्या ऑफिसला एवढा मोठा क्लायंट दुसरा नव्हता.

काटा बनवणारी कंपनी सोबत डीएलएल देते. डीएलएल म्हणजे तयार फंक्शनांची, एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची फाइल. प्रोग्राम चालू असताना ती उघडायची आणि हवं ते फंक्शन नावाने मागायचं. ते मिळालं का, हे तपासावंच लागतं. नसलेलं वापरायला गेलं की प्रोग्राम कोसळतो.

आम्ही अशी बत्तीस फंक्शनं मागत होतो. ऑफिसची रीत ठरलेली: वरच्या चार ओळी कॉपी करा, खाली पेस्ट करा, नाव बदला. शुक्रवारी मी सगळं ओळीने वाचलं. एका ठिकाणी तपासणीच्या ओळीत नाव बदलायचं राहिलं होतं. मागितलं एकोणिसावं, तपासलं अठरावं! जुन्या काट्यांत दोन्ही होती, म्हणून निभावलं. नव्यात एकोणिसावं नव्हतंच.

तो कोड खुद्द आमचे बॉस नाईक सर यांचा.

"सर, ही ओळ तुमची."

सरांनी चष्मा पुसला. "नाव बदल आणि पाठव."

"सगळंच बदलते. टेम्प्लेट लिहिते."

"चालत्या कोडला हात लावायचा नसतो."

"चालतोय कुठे, सर?"

सर आपल्या स्क्रीनकडे वळले. मी तो होकार धरला.

टेम्प्लेट म्हणजे छापील अर्जच. मजकूर एकदा लिहायचा, मोकळ्या जागा प्रत्येक फंक्शनप्रमाणे कंपायलर, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, भरतो. मागणं, तपासणं, नसेल तर नावानिशी सांगणं, हे एकदाच लिहिलं. एकशे अठ्ठावीस ओळींच्या अडतीस झाल्या. तशाच, वाचताना नजरेतून सुटलेल्या, आणखी दोन चुका निघाल्या. त्यांतली एक माझी होती, तीही सरांना सांगून टाकली.

सोमवारी कारखान्यात काटा जोडला. प्रोग्राम पडला नाही. स्क्रीनवर आलं: या काट्यात रिकाम्या खोक्याचं वजन वजा करणारं फंक्शन नाही.

"मग वजा कोण करणार?" डिमेलो.

"आमचा प्रोग्राम. ती वजाबाकी मी त्यात लिहून आणलीय. आधी रिकामं खोकं ठेवा."

ठेवलं. मग भरलेलं ठेवलं. वजन अचूक. डिमेलोंनी माझ्यासमोरच दुसऱ्या कंपनीला फोन लावला. "येऊ नका. आमच्या बायने केलं."

मला आभाळ ठेंगणं झालं. एक मात्र तेव्हापासून मानते: चूक करायचीच तर एकाच जागी करावी. निदान सापडते.